व्हॅनचा ‘प्ले’ कसा काढावा : शेंद्र्याच्या नवशिक्यांसाठी

साहित्य : मारुती ओम्नी एक, शक्यतो गॅस किटवाली. जॅक, दोन भक्कम ठोकळे, चाकाला लावायला उटी, पान्यांचा संच. आणि काम बिघडलं तर ज्याच्या नावावर खपवता येईल असा एक मेव्हणा.

नवी ओम्नी आता मिळणार नाही. 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी नव्या सुरक्षा नियमांपुढे 2019 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी शेंद्र्यात ऑरिक या स्मार्ट सिटीच्या मुख्य इमारतीचं उद्घाटन झालं. म्हणजे स्मार्ट सिटी आली आणि व्हॅन गेली, असं वाटेल; पण शिफ्ट सुटायच्या वेळी जालना रोडला उभे राहा. दहा माणसं, दहा डबे आणि एक स्टेपनी पोटात घेऊन ती अजून चालली आहे. 2001 पासून स्कोडाच्या गाड्या जिथे तयार होतात, त्या एमआयडीसीत माणसं कामाला येतात ती अशी.

आता लक्षण. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, व्हॅन थोडा विचार करते आणि मग वळते. या विचाराच्या अवधीला ‘प्ले’ म्हणतात. थोडा प्ले नव्या गाडीतही असतो, तो काढायचा नसतो. तुमचा मात्र कुंभेफळला फिरवला की करमाडला लागू होतो, म्हणून हा खटाटोप.

गाडी उभी करताच चहाच्या टपरीवरून तीन तज्ज्ञ येतील. पहिला म्हणेल ‘अलाइनमेंट’, दुसरा ‘बेअरिंग’. तिसरा ‘विकून टाका’ म्हणेल. तो एजंट असतो. तिघांनाही चहा सांगा, कारण पुढे एकाला कामाला लावायचं आहे.

नवशिक्याचा हात आधी बॉनेटकडे जातो. ओम्नीचं इंजिन तुमच्याच सीटखाली आहे, तिथे आज काही काम नाही. टायरमधली हवा बघा. मग इंजिन बंद, चाकं जमिनीवर, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक काढलेलं. चहा प्यायलेल्यांपैकी एकाला आत बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली डोकवा. कुठला सांधा आधी हलतो आणि चाक नंतर? टाय रॉडचा एंड? कॉलमचा जॉइंट? रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) धरून ठेवणारे बोल्ट ढिले होऊन अख्खी रॅकच तर सरकत नाही? आता उटी लावून पुढची बाजू उचला, खाली ठोकळे द्या (निव्वळ जॅकवर भरवसा ठेवून आत शिरू नका, विटांवर तर नाहीच). चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खटखटलं तर बहुतेक टाय रॉड. वर-खाली धरून खटखटलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. बहुतेकांचा प्ले इथेच सापडतो, आणि तो ॲडजस्ट होत नाही. पार्ट बदलावा लागतो, पैसे लागतात. म्हणून लोक इथून पुढे जातात.

पुढे आहे तो प्रसिद्ध स्क्रू. रॅकच्या घरात एक स्प्रिंग रॅकला पिनियनवर (स्टेअरिंगच्या टोकाच्या दातेरी चाकावर) दाबून धरते. तिच्या डोक्यावर स्क्रू, त्यावर लॉक नट. नट ढिला करून स्क्रू आवळला की प्ले कमी होतो. इतकं सोपं, म्हणूनच इतकं घातक. जालना रोड सरळ, त्यामुळे रॅकचे मधले दात रोज झिजतात आणि टोकाचे जवळजवळ कोरे राहतात. तुम्ही मधल्या झिजलेल्या दातांच्या हिशेबाने स्क्रू आवळता; सरळ रस्त्यावर व्हॅन शहाण्यासारखी चालते आणि कंपनीच्या गेटवर पूर्ण वळवली की जाम होते. मागे डंपर, पुढे सिक्युरिटी.

तेव्हा स्क्रू थोडा आवळा, थांबा, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही जड लागलं की स्क्रू मागे घ्या. मध्ये प्ले उरला तरी उरू द्या. उरलेला प्ले खपत नसेल तर रॅक बदला. स्क्रू तसाच धरून नट घट्ट करा. रस्त्यावर हळू वळण घेऊन हाताची पकड सैल करा : स्टेअरिंग आपणहून सरळ यायला पाहिजे. आलं नाही तर स्क्रू अजून ढिला करा. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ हे टपरीवरचं मत आहे. या गाडीत पॉवर स्टेअरिंगची पॉवर चालकाने घरून आणायची असते. ती रॅकशी कुस्ती खेळण्यात घालवू नये.

ही चाचणी शेंद्र्याच्या मांगीरबाबाच्या यात्रेत घेऊ नका. चैत्रात तिथे कंदुरीला निघालेले टेम्पो, बोकडं आणि पाहुणे एकाच रस्त्यावर असतात आणि बोकडाला तुमचा प्ले किती आहे ते माहीत नसतं.

टाय रॉड बदलला असेल तर अलाइनमेंट करूनच घ्या. तिथला पोरगा विचारेल, ‘हे कोणी केलं?’ मेव्हण्याला याचसाठी सोबत न्यायचं असतं.