फोर-के आणि मिठाचा खड्डा

व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, हे चारचौघांत बोलू नये. मुलीसाठी स्थळं बघताय असं कळल्यासारखे सल्लागार दाराशी येतात. एक म्हणाला, रॅम ३२ जीबी हवीच. ३२ ऐकून दुसऱ्याला माझी कीव आली. त्याने ६४ सांगितली. तिसरा "मॅक घ्या आणि सुटा" म्हणाला आणि मी किंमत विचारायच्या आत स्वतःच सुटला. शेजारचे बारावीतले चिरंजीव म्हणाले, "काका, कॅबिनेट काचेचं घ्या, आत रंगीत पंखे." या सगळ्यात मला पूर्ण कळलेला सल्ला हा एकच, म्हणून तो मी तंतोतंत पाळला.

निमित्त मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाचं. शूटिंग भाच्याच्या नव्या कॅमेऱ्यावर झालं होतं. पंगतीत जिलबीचा आग्रह चालू असताना मी बोलून गेलो, "एडिटिंगला बाहेर कशाला पैसे घालवता? मी आहे ना!" मेव्हण्याने हात जोडले. हिने कपाळाला हात लावला.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडलाच जायचं, हा माझा हट्ट. पुण्यात काय मिळत नाही? सगळं मिळतं. पण ग्रँट रोडला उतरून, गर्दीत धक्के खात जाऊन घासाघीस केल्याशिवाय आपण काही तांत्रिक केलंय असं वाटत नाही. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठीवर प्रोसेसरचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. "काका, एफवाला घ्या. स्पीड तोच, दीड-दोन हजार कमी." घेतला. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून रंग बदलणारे जास्तीचे पंखे घेतले.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असला, की त्याचं अंगचं ग्राफिक्स बंद असतं. मोठं ग्राफिक्स कार्ड घेतोच आहोत, मग अंगचं हवंय कशाला, असं माझं गणित. त्याचा पहिला ताळा घरी आल्याच दिवशी मिळाला. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर काळा. रॅम काढून घातली, वायरी ओढून पाहिल्या, दुकानात फोन लावून आवाज चढवला. शेवटी चिरंजीव आले, मागे वाकले आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डातून काढून खालच्या कार्डात खुपसली. एफवाल्या प्रोसेसरवर मदरबोर्डाच्या त्या भोकातून काहीच दिसत नाही. "चहा नको काका," म्हणाले आणि हसू दाबत गेले.

दुसरा ताळा महागात पडला. कॅमेऱ्याचं चित्रण एच.२६५ मधलं, टेन-बिट, फोर-टू-टू. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एखादी पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं त्याची नोंद. म्हणून तर तासाभराचं फोर-के, सेकंदाला १०० मेगाबिटच्या हिशेबाने, ४५ जीबीत मावतं. पण मधलीच फ्रेम हवी असली, की मशीनला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळी बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांतल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते, ती हे काम हसत हसत करते. माझ्या ऐटबाज कार्डाला फोर-टू-टू उलगडताच येत नव्हतं. म्हणजे भरल्या बाजारातून मी नेमकं हवं तेच वगळून आणलं होतं, तेही घासाघीस करून.

आता सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. मंगलाष्टकं खणखणीत चालू, पण "सावधान"नंतरच्या अक्षता हवेतच लटकलेल्या. अंतरपाट अर्धा खाली, गुरुजींचं तोंड उघडं. सनई-चौघडा सुरू झाला तरी नवरीचे हात हारासकट खांद्याशीच. मेव्हणा मुद्दाम बघायला आला होता. "स्लो मोशन टाकलंय का?" त्याने कौतुकाने विचारलं. मी हो म्हणालो.

यावर उपाय प्रॉक्सीचा. मूळ फायलींच्या हलक्या नकला करायच्या, कापाकापी नकलांवर करायची, शेवटी सॉफ्टवेअर मूळ फायली जोडून घेतं. हे माझ्या जुन्या मशीनवरही जमलं असतं, हे वाक्य मी घरात अजून उच्चारलेलं नाही. रात्रभर नकला करायला लावल्या. समोरून काचेने बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा शिरायला जागा नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या घरात गेला की स्वतःच वेग उतरवतो. पंखे निष्ठेने गरम हवाच आतल्या आत फिरवत होते. पहाटे वीज गेली. यूपीएस ६०० व्हीएचा, आणि ते ६०० वॅट समजून मी निर्धास्त. प्रत्यक्षात तो ३६० वॅटचा. एक किंचाळी फोडून त्याने मान टाकली.

मग मी काचा काढून ठेवल्या. वारा आला, त्याच्याबरोबर धूळही आली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. हे मला एक पंखा कुरकुरायला लागल्यावर कळलं. एकदा हिने ओल्या फडक्याने कॅबिनेट पुसायला घेतलं आणि ओरडली, "अहो, हा डबा चावतो!"

मला कधीच चावला नव्हता, कारण मी घरातही चपला घालतो. इलेक्ट्रिशियनने कॅबिनेटला टेस्टर लावला, तो पेटला. "साहेब, तुमच्या प्लगातलं तिसरं भोक शोभेचं आहे. बिल्डिंगला अर्थिंगच नाही." कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मा दाब पत्र्यावर येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण झिणझिण्या आणायला पुरेसा. इलाज म्हणजे जमिनीत खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, आणि उन्हाळ्यात वरून पाणी. खड्डा म्हणजे सोसायटीची जमीन. सोसायटीची जमीन म्हणजे सभा.

विषयपत्रिकेवर पार्किंगनंतर "मिठाच्या खड्ड्यास परवानगी" असा विषय आला. मिठाने कढीपत्त्याचं झाड जळणार, यावर बराच वेळ गेला. एकांनी खड्ड्याचं लाइट बिल कोण भरणार, असं विचारलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दबकत म्हणाले, "आमचं वॉशिंग मशीन पण चावतं." एकेक जण उठून आपापलं काय चावतं ते सांगू लागला. खड्डा सर्वानुमते मंजूर झाला, आणि सेक्रेटरींनी त्यातच उपकलम घातलं, की गणेशोत्सवाचा व्हिडिओ मी करून द्यावा.

पेन ड्राइव्ह परवा आला. प्रत्येकाने आपल्या फोनवर काढलेलं, निम्मं उभं, निम्मं आडवं. फोन फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमी-जास्त करतात, त्यामुळे लांबलचक चित्रणात आवाज आणि चित्र यांची ताटातूट होते. आरतीत टाळी आधी ऐकू येते, मग हात जुळतात. अध्यक्षांचं तोंड मिटल्यावरही भाषण चालूच राहतं. टाळ्यांचं नीट करीन. भाषणाचं आहे तसंच ठेवावं म्हणतो.