तीन डोकी, एक चार्जर

ऑनलाइन प्रोग्रामिंग स्पर्धेत उतरायचे तर आधी तिघे जमवावेत. आयसीपीसी घ्या की आयईईईएक्स्ट्रीम, संघात चौथा चालत नाही. शहापुरात तिघे जमवणे सोपे आहे. इथे अभियांत्रिकी कॉलेज आहे, पोरे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि रविवारी भंडाऱ्याला जाऊन येण्यापलीकडे कुणाला फार काम नसते. अवघड असते ते चौथ्याला नाही म्हणणे, कारण इन्व्हर्टर नेमका त्याच्याच खोलीत असतो.

तिघांची निवड गुणवत्तेवर करू नये. गुणवत्तेवर निवडलेल्या संघात तिघेही विचार करतात आणि टाइप कुणीच करत नाही. एकाला गणित यावे, एकाचा हात कीबोर्डवर चालावा आणि तिसऱ्याने मागे उभे राहून दर दहा मिनिटांनी "अबे, लाँग लाँग घे ना!" एवढेच म्हणावे. या तिसऱ्याला पहिले दोघे बिनकामाचा समजतात. पण सी प्लस प्लसमधल्या साध्या इंटमध्ये २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. त्यात आणखी एक मिळवला की बेरीज बहुतेक वेळा थेट उणे दोनशे चौदा कोटींवर जाऊन बसते, जसा सोसायटीचा सभासद एका रात्रीत ठेवीदाराचा थकबाकीदार व्हावा. संगणक तक्रार करत नाही. परीक्षक यंत्र फक्त ‘राँग आन्सर’ म्हणते आणि गणितवाला दीड तास आपले गणित तपासत बसतो. गणित बरोबरच असते.

मुहूर्ताचे आधीच बघून ठेवावे. आयईईईएक्स्ट्रीम २००६ पासून भरते, चोवीस तास चालते आणि जगभर एकाच क्षणी सुरू होते. तो क्षण ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचचा. महिना बहुधा ऑक्टोबर. त्या वेळी भंडारा जिल्ह्यात हलका धान कापणीला आलेला असतो, तेव्हा शेतकरी घरच्या स्पर्धकाने शनिवारी गावी का येत नाही याचे कारण तयार ठेवावे. "आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे," हे कारण चालते. "कोडिंग आहे," हे चालत नाही. २०२३ साली स्पर्धा २८ ऑक्टोबरला आली. त्याच रात्री कोजागिरी आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. वेध दुपारीच लागलेले, म्हणजे रात्रभर जागायचे आणि दुधाचे नाव काढायचे नाही. को जागर्ति, या प्रश्नाला त्या वर्षी जगभरातल्या हजारो पोरांनी होकार दिला, पण लक्ष्मी कुणाकडे गेली ते निकालात दिसतेच.

चोवीस तासांच्या या स्पर्धेत संघावर देखरेखीला एक प्रॉक्टर लागतो. तो बहुधा कॉलेजातला सर असतो. मुलांना बाहेरून कुणी मदत करत नाही ना, हे त्याने पाहायचे. आता मदत करणारा माणूस मिळाला असता तर मुले सरांकडे कशाला आली असती, हा प्रश्न विचारू नये. सरांना खुर्ची द्यावी, मोबाईलचा चार्जर द्यावा आणि रात्री दोननंतर त्यांच्याशी मोठ्याने बोलू नये.

खोलीत शिरताना एकाने प्रश्नपत्रिकेची सवय करून ठेवलेली असावी. या स्पर्धांमधला प्रश्न कधी सरळ येत नाही. कोडशेफवर शेफ नावाचे एक गृहस्थ असतात. २००९ पासून ते स्वयंपाकघरात आहेत, पण पोळी लाटताना त्यांना कुणी पाहिलेले नाही. ते सदैव अ‍ॅरे उलटवतात, नाही तर मित्रांना विचित्र पद्धतीने कँडी वाटतात. ही गोष्ट भक्तिभावाने वाचू नये. थेट खाली जाऊन एन केवढा आहे ते पाहावे. एन एक लाख असेल आणि तुमच्या डोक्यात एकात एक दोन लूप आले असतील, तर हिशेब हजार कोटी पायऱ्यांचा होतो. संगणक एका सेकंदात ढोबळमानाने दहा कोटी साध्या पायऱ्या उरकतो. वेळ दिलेला असतो एक सेकंद, लागणार शंभर. तरीही ‘एकदा टाकून तर पाहू’ असे ज्याला वाटते, त्याच्या हातून माऊस काढून घ्यावा.

आयसीपीसीत या ‘टाकून पाहू’ला दंड आहे. तिथे तिघांत एकच संगणक, मुख्य फेरीला पाच तास आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरामागे वीस मिनिटे. मात्र ही वीस मिनिटे शेवटी सुटलेल्या प्रश्नावरच लावतात. न सुटलेल्या प्रश्नावर कितीही वेळा चुका, दंड शून्य. अनेक संघ या नियमाचा पुरेपूर लाभ घेतात. शेवटच्या तासात गुणफलकही गोठवतात, इतरांचे काय चालले आहे ते कुणाला कळत नाही. तेवढ्या तासात घरी फोन लावून "हो आई, चांगलं चाललंय" असे सांगून घ्यावे.

आता विजेचा विषय. परतीचा पाऊस आला की वीज जाते आणि पोरे मोबाईलचा हॉटस्पॉट लावून खिडकीच्या गजांवर फोन टेकवतात. त्यावर कोड जातो, पण निकाल येईपर्यंत गोल फिरणारे चक्र पाहत बसावे लागते. या काळात खोलीमालकांना तांत्रिक भाषेत काही सांगू नये. छोट्या उपप्रश्नांची उत्तरे साठवत मोठा प्रश्न सोडवायच्या पद्धतीला डायनॅमिक प्रोग्रामिंग म्हणतात आणि पोरे त्याला डीपी म्हणतात. रात्री अकराला काकाजी दारात येऊन विचारतात, "काहून जागता गा अजून?" त्यावर "काकाजी, डीपीवर अडकलोय" असे उत्तर गेले, की काकाजी टॉर्च घेऊन चौकातल्या डीपीकडे निघतात आणि वायरमनला झोपेतून उठवतात. वायरमन येतो, डीपीत खरोखरच उडालेला फ्यूज सापडतो आणि गल्लीत वीज येते. प्रश्न सुटत नाही तो नाहीच.

भांडणाची वेळ साधारण पहाटे तीन. तेव्हा गणितवाल्याला वाटते की टाइप करणाऱ्याने चुकीचे टाइप केले आणि टाइप करणाऱ्याला वाटते की त्याला चुकीचे सांगितले. दोघांचेही बरोबर असते. अशा वेळी कोड कागदावर उतरवून, दोन-तीन आकडे घेऊन हाताने चालवावा. याला वीस मिनिटे लागतात, म्हणून कुणी करत नाही आणि त्याऐवजी दोन तास भांडतात. माझ्या मते सगळ्या स्पर्धेत शिकण्यासारखे असेल तर ते या कागदावरच, पण पहाटे तीनला हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसते.

साडेपाचला स्पर्धा संपते. महामार्गावर ट्रकवाल्यांसाठी उघडलेल्या टपरीवर तर्री-पोहे खायला जावे. वाटेत क्रमांक पाहू नये. घरून बाबांचा फोन येईल, "किती पैसे भेटले?" त्यांना प्रमाणपत्र येणार आहे असे सांगावे. ते कुणाच्या सहीचे, हा पुढचा प्रश्न येण्याआधी नेटवर्क गेल्याचे सांगावे.

प्रश्नांची अधिकृत उकल झोप झाल्यावरच उघडावी. रात्रभर न सुटलेल्या प्रश्नाची उकल बारा ओळींची निघते आणि सुरुवातीलाच ‘हा प्रश्न सोपा आहे’ असे लिहिलेले असते. ती वाचताना तिघांपैकी कुणीही "मी तर तेच म्हणत होतो" म्हणू नये. म्हटलेच, तर पोह्यांचे पैसे त्याच्याकडून घ्यावेत, तर्रीच्या जास्तीच्या वाटीसकट.