पवनारच्या गृहस्थासाठी पावशास्त्र: प्राथमिक नियम

गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट या चार पदार्थांपासून घरी भाजला जाणारा, आणि बेकरीतल्या पावापेक्षा प्रत्येक वेळी महाग पडणारा, जो पदार्थ तो घरगुती पाव होय. यीस्ट ही एकपेशीय बुरशी असून ती पिठातील साखरेवर जगते व कार्बन डायऑक्साइड वायू सोडते; पीठ भिजवून मळले असता त्यातील प्रथिनांचे जे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते त्यास ग्लूटेन म्हणतात, आणि हे जाळे तो वायू कोंडून धरते म्हणून पाव फुगतो. शास्त्र एवढेच आहे. ते दोन वाक्यांत संपत असल्यामुळेच, धाम नदीकाठच्या पवनारात राहणाऱ्या साधकाला पुढील सर्व साहित्य कुरिअरने मागवावे लागते.

साधक या संज्ञेने येथे नोकरीतून निवृत्त झालेला, मोबाइलवर परदेशी पावांच्या चित्रफिती पाहणारा आणि उभ्या आयुष्यात कणकेच्या परातीला हात न लावलेला पुरुष अभिप्रेत आहे. त्याच घरात कित्येक वर्षे दोन्ही वेळा कणीक मळत आलेल्या व्यक्तीस साधक म्हणता येत नाही. तिला ‘घरचे’ अशी संज्ञा असून, पहिले काही पाव गाईपुढे ठेवले जाईपर्यंत तिचा सल्ला घेण्याची पद्धत नाही.

पहिला नियम वजनाचा. बेकर पिठाचे वजन शंभर धरून बाकी सर्व पदार्थ त्याच्या टक्क्यांत सांगतात, म्हणजे 500 ग्रॅम मैद्याला 325 ग्रॅम पाणी हे 65 टक्के, 10 ग्रॅम मीठ हे 2 टक्के आणि 4 ते 5 ग्रॅम कोरडे यीस्ट हे 1 टक्क्याच्या आत. चक्कीवर दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, कारण जात्याच्या दगडांखाली पिठूळ कण फुटतात व कोंडाही पाणी शोषतो. शिवाय कोंडा ग्लूटेनच्या जाळ्यात अडथळा आणतो, म्हणून नवशिक्याने निम्मी कणीक व निम्मा मैदा घ्यावा. विदर्भातला बन्सी गहू हा कठीण जातीचा, ज्याच्या रव्याची व शेवयांची ख्याती रास्त आहे, परंतु त्याच्या पिठाला लवचिकपणा कमी असल्यामुळे त्याचा पाव बसका होतो, आणि हे साधकाने काटा, मापे व सुती हातमोजे विकत घेण्याआधी घरच्यांना विचारले असते तर कळले असते.

दुसरा नियम हवामानाचा असून याच नियमावर बहुतेक साधना मोडते. पावाच्या कृती ज्या मुलखांत लिहिल्या गेल्या तेथील स्वयंपाकघरात 21 ते 24 अंश तापमान असते, आणि ‘दीड-दोन तास उबदार जागी ठेवावे’ ही सूचना त्या मुलखापुरती खरी आहे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा उबदार जागा शोधण्यासाठी साधकाने घरभर हिंडणे हे निव्वळ कर्मकांड होय, कारण तेथे गार जागा मिळण्याचीच मारामार असते. अशा उकाड्यात पीठ तासाभरातच दुप्पट होते, आणि साधक दुपारची झोप काढून उठेपर्यंत फसफसून, आंबूस वास मारत खाली बसते. यावर उपाय असा की उन्हाळ्यात यीस्ट चौथ्या हिश्श्याने घ्यावे, माठातले किंवा बर्फाचे पाणी वापरावे, आणि पीठ रात्री मळून फ्रिजमध्ये आठ ते बारा तास सावकाश फुगू द्यावे, ज्यामुळे चवही चांगली येते. फ्रिजमध्ये त्यासाठी जागा करताना दह्याचे भांडे बाहेर काढून ठेवणाऱ्या साधकास या ग्रंथाचे संरक्षण नाही. डिसेंबरात रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा उलट धीर धरावा. कढत पाणी ओतू नये, कारण 55 ते 60 अंशांच्या पुढे यीस्ट मरते.

यीस्टऐवजी घरी सांभाळलेल्या आंबवणाबद्दल एवढेच की त्याला रोज पीठ-पाणी द्यावे लागते व साधकाचे परगावी जाणे बंद होते.

मळणे दहा-बारा मिनिटे, म्हणजे पिठाचा तुकडा बोटांवर ताणला असता न फाटता त्यातून उजेड दिसेपर्यंत करावे. ज्या गावात 1938 साली विनोबा येऊन राहिले आणि परंधाम आश्रमात शरीरश्रमाला व्रताची प्रतिष्ठा मिळाली, त्या गावात यासाठी विजेचे यंत्र मागवणे शोभत नाही. गांधीजींनी जोहान्सबर्गच्या घरी पावासाठी पीठ दळण्याचे जाते सात पौंडांना घेतले होते, आणि त्याचे लोखंडी चाक एकट्याला जड जात असल्यामुळे ते स्वतः, त्यांचे सहकारी पोलाक आणि मुले मिळून ते फिरवीत, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. साधक यातले फक्त शेवटचे कलम आचरणात आणतो, म्हणजे तिसऱ्या मिनिटाला घरच्यांना हाक मारतो.

भाजण्यासाठी ओव्हन आधी 220 अंशांवर तापवून घ्यावा, पाव 30 ते 35 मिनिटे भाजावा, आणि उलटा करून बुडावर टिचकी मारली असता पोकळ आवाज आला म्हणजे तो झाला असे समजावे. नेमक्या या अर्ध्या तासात वीज गेल्यास काय करावे, याला विलायती कृतींत उत्तर नाही. पवनारात आहे. अंगणात गोवऱ्या पेटवून त्यांचा धगधगीत निखारा होऊ द्यावा, आणि ओवा, मीठ व तेलाचे मोहन घातलेल्या घट्ट कणकेचे गोळे त्यात पुरावेत. वरून तडकले आणि टिचकीला पोकळ वाजले की काढून, फडक्याने राख झटकून, फोडून तुपात बुडवावेत. यास रोडगे म्हणतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण असले म्हणजे साधकही थर्मामीटर बाजूला ठेवून दुसऱ्यांदा ताट पुढे करतो, आणि ज्याला यीस्ट नको, टक्केवारी नको, वीजही नको असे हे भाजणे घरच्यांना कधीचे येत होते, याची त्याला त्या घासापुरती तरी जाणीव होते, असे मानण्यास जागा आहे.

पाव तासभर निवल्याशिवाय कापू नये, कारण आतला पिठूळ भाग निवतानाच घट्ट होतो व गरम कापल्यास तो चिकट लागतो. हा नियम कोणताही साधक पाळत नाही. तो सुरी घेऊन ओट्याशी उभा असतो, आतून ‘झालं का जी तुमचं?’ असा प्रश्न येतो, आणि मग वेडावाकडा, एका बाजूने करपलेला तो पाव तो शेजारच्या चार घरी इतक्या आनंदाने वाटून येतो की त्याला नावे ठेवणे जिवावर येते. बऱ्याच वेळा पाव खरोखर चांगलाही झालेला असतो.

परातीला चिकटलेले पीठ गरम पाण्याने शिजून अधिकच घट्ट बसते, आणि सकाळपर्यंत वाळू दिल्यास सहजी सुटत नाही. म्हणून साधकाने परात त्याच रात्री, गार पाण्याने, स्वतः घासावी.