आधी शुक्रवार ठरवा

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाने नवा मीडिया स्टुडिओ पाहायला बोलावलं. हिरवा पडदा, टेलिप्रॉम्प्टर, काचेपलीकडे कंट्रोल रूम. दाराला कुलूप. चावी कार्यालयातल्या लिपिकाकडे आणि लिपिक रजेवर.

तासाभराने चावी सापडली. कॅमेऱ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

उद्घाटन होऊन दीड वर्ष झालं होतं.

मुलांना विचारलं, आतापर्यंत किती बातमीपत्रं काढलीत? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "दोन, सर. एक नॅकची समिती आली तेव्हा आणि एक गॅदरिंगला." दोन्हींत पहिली बातमी एकच होती: स्टुडिओचं उद्घाटन.

आपल्याकडे अभ्यासक्रम सुरू करायचा म्हणजे आधी खोली रंगवतात. मग यंत्रं येतात, मग फीत कापतात. मुलं सगळ्यात शेवटी येतात आणि त्यांना पहिलं वाक्य ऐकवलं जातं, कशाला हात लावू नका.

हे उलटं करायला हवं. आधी वार ठरवा. शुक्रवार, दुपारी चार. दर शुक्रवारी पाच मिनिटांचं बातमीपत्र निघणार म्हणजे निघणार. पाऊस असो, परीक्षा असो, अँकरचा घसा बसलेला असो. वार ठरला की सोमवारची बैठक ठरते, गुरुवारचं एडिटिंग ठरतं. आणि शुक्रवारी पावणेचारला जी तारांबळ उडते, ती कुठल्याही नोट्समध्ये छापून मिळत नाही.

पैसे नाहीत म्हणता? दोन मोबाइल, एक ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक, एक लॅपटॉप. खोलीत आवाज घुमतो? भिंतींवर गोधड्या टांगा आणि पंखा बंद करा. चित्र थोडं धूसर असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, पण बाइट ऐकू आला नाही की तो निघून जातो. तरीही बजेटात कॅमेऱ्याला लाखो आणि माइकला उरलंसुरलं. का?

उद्घाटनाच्या फोटोत माइक दिसत नाही.

वर्गात विचारा, कोणाला काय व्हायचंय? अँकर म्हटलं की हातांचं जंगल उभं राहतं. असाइनमेंट डेस्क म्हटलं की सगळे वहीत बघतात. मुलांचा दोष नाही. त्यांनी टीव्हीवर फक्त बोलणारा पाहिलाय. त्याच्या कानात सूचना देणारा, रनडाउन लावणारा, गावाचं नाव पक्कं करणारा त्यांना कधी दिसलाच नाही. म्हणून आळीपाळी हवी. या शुक्रवारी जो अँकर, तो पुढच्या शुक्रवारी कॅमेरा धरेल आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत फोन लावून आकडा तपासेल. ज्याला फोन लावायचा धीर होत नाही, त्याला बूम हातात द्यायची घाई कशाला?

आता रेडिओ. इथे मात्र दोष महाविद्यालयांचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. शैक्षणिक संस्थांना त्यातला वाटा द्यायचं धोरण यायला २००२ उजाडलं. फेब्रुवारी २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं, देशातलं पहिलं कॅम्पस रेडिओ केंद्र. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आली, १०७.४ वर. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. चांगलं झालं. एक अट मात्र दारातच बसलेली आहे.

बातम्या द्यायच्या नाहीत.

पत्रकारितेचा विभाग असलेल्या विद्यापीठाच्या रेडिओवर बातमीलाच बंदी! आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, स्वतःचं करता येत नाही. हवामान, वाहतूक, खेळ, परीक्षा, निकाल, प्रवेश यांना नियमाने 'बातमी नव्हे' असं ठरवलंय, म्हणून ते चालतं. पाणी आणि विजेच्या सूचनाही चालतात, स्थानिक प्रशासनाने दिल्या तशा. गुरुवारी पाणी येणार नाही, हे विद्यार्थी सांगू शकतो. का येणार नाही, असं विचारलं की तो चालू घडामोडींत शिरला.

या केंद्रांची ताकद किती? सहसा जास्तीत जास्त १०० वॅट. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बवर लिहिलेला असायचा, तोच आकडा. टीव्हीच्या वृत्तवाहिन्यांना चोवीस तास परवानगी आहे. समाजमाध्यमांवर कोणीही काहीही ठोकून देतो. आणि ज्यांना वर्गात दोन-दोन स्रोत तपासायला शिकवतात, नेमकं त्यांच्याच तोंडावर बोट.

२०१७ आठवतंय? मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांहून अधिक. पुढच्या प्रवेशासाठी मुलं गुणपत्रिकेची वाट बघत बसली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या वर्षी शिक्षणातली यापेक्षा मोठी बातमी महाराष्ट्रात कोणती होती?

आणि ती विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेली होती. ज्याचा निकाल अडकला तो मित्र, जी रडत घरी गेली ती मैत्रीण. कुठल्याही वाहिनीच्या वार्ताहरापेक्षा ही माणसं त्यांच्या जवळची. पण कॅम्पस रेडिओचा नियम लावला, तर निकालाची तारीख सांगता येते. निकाल का लागला नाही, ते विचारता येत नाही.

हा नियम बदला. परवान्याच्या अटी असू द्या, तक्रार ऐकायला यंत्रणा असू द्या, चुकीला दंड असू द्या. पण बातमी करू द्या.

तोवर इंटरनेट आहे. तिथे रेडिओचा परवाना लागत नाही. तिथे प्राचार्य आडवे येतात.

एका ठिकाणी मुलांनी वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीवर साडेतीन मिनिटांचं पॅकेज केलं. टाकी शेवटची कधी धुतली त्याची नोंदवही दाखवली. रेक्टरचा बाइट घेतला. आजारी पडलेल्या मुलींशी बोलले, त्यांचे चेहरे न दाखवता. मी ते पाहिलंय. पहिल्या वर्षाच्या मुलांनी इतकं जबाबदार काम केलेलं क्वचित दिसतं. प्राचार्यांनीही पाहिलं आणि म्हणाले, संस्थेची बदनामी नको. त्या जागी वृक्षारोपणाची बातमी गेली.

टाकी मात्र दुसऱ्याच दिवशी धुतली. म्हणजे बातमी खरी होती, महत्त्वाची होती, आणि परिणामही झाला होता.

फक्त दाखवली नाही.

त्या मुलांना त्या दिवशी कोणता धडा मिळाला? कुठल्या बातमीला हात लावायचा नाही, हा. उद्या ही मुलं वाहिन्यांत नोकरीला लागतील, तेव्हा त्यांना गप्प बसवायला मालकाची गरजच उरणार नाही. याचा मला मनापासून राग आहे. वीस वर्षांच्या मुलाच्या हातातला प्रश्न काढून घेणं हे कुठल्याही संस्थेला शोभत नाही, शिक्षणसंस्थेला तर नाहीच.

अमेरिकेतही १९८८ च्या हेझलवूड निकालाने शाळेच्या वृत्तपत्रावर कात्री चालवायची मुभा मुख्याध्यापकांना दिली, शैक्षणिक कारण दाखवता आलं तर. नंतर अनेक राज्यांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कायदे केले. निदान भांडण कोर्टात आणि विधिमंडळात झालं. आपल्याकडे केबिनमधून एक निरोप पुरतो.

म्हणून कॅमेरा घ्यायच्या आधी एक कागद करा. एकच पान. प्रसारणाआधी प्रशासन बातमीपत्र पाहणार नाही. ज्याच्याबद्दल बातमी आहे, त्याला आधी फोन जाईल आणि त्याचं म्हणणं बातमीत येईल. चूक झाली तर पुढच्या शुक्रवारी, पहिल्याच मिनिटात, त्याच अँकरच्या तोंडून दुरुस्ती. हे शेवटचं कलम मुलांना जड जातं. जाऊ द्या. एकदा कॅमेऱ्यासमोर "आमची चूक झाली" म्हटलेला मुलगा पुढच्या वेळी आकडा तीनदा तपासतो.

भाषेचंही एकदा बोलू. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून मुलीला माइकपासून लांब ठेवणारे शिक्षक मी पाहिलेत. बातमी वाचताना प्रमाण उच्चार हवेत, मान्य. सरावाने ते काही महिन्यांत येतात. पण वस्तीवरच्या म्हातारीला बोलतं करायची हातोटी अशी सरावाने येत नाही आणि ती बहुतेक वेळा 'पानी' म्हणणाऱ्या मुलीकडेच असते. म्हसवडची माणदेशी तरंग ही सामुदायिक रेडिओ वाहिनी आपल्या मुलखाच्या बोलीत बोलते. तिथल्या माणसाला ती आपली वाटते, ती त्यामुळेच.

आणि शिकवणार कोण? तासिका तत्त्वावरचा माणूस. शुक्रवारचं बातमीपत्र गुरुवारी रात्री अकरापर्यंत एडिट होतं. ते तास कुठल्या हजेरीपत्रकात बसतात? तो बिचारा एकाच दिवशी दोन महाविद्यालयं गाठतो आणि मधल्या प्रवासात मुलांच्या स्क्रिप्ट तपासतो. लाखांचा कॅमेरा घेणाऱ्यांनी आधी एक पूर्णवेळ शिक्षक नेमावा, न्यूजरूममध्ये काम केलेला. कॅमेरा वर्षभर थांबेल. मुलं थांबणार नाहीत, त्यांचं तिसरं वर्ष संपतं.

कुलूपवाल्या स्टुडिओतून निघताना त्या मागच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, उद्या चावी मिळाली तर पहिली बातमी कोणती करशील?

"संध्याकाळची गाडी, सर. पास काढलाय, गाडी येते, पण आमच्या फाट्यावर थांबत नाही." तिने वही उघडली. कोणत्या तारखेला गाडी थांबली नाही, फाट्यावर किती मुली उभ्या होत्या, घरी पोचायला किती वाजले. दोन पानं भरली होती.

मी विचारलं, डेपोत फोन केलास का?

"केला होता," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, कुठल्या चॅनेलकडून बोलताय?"