निवांतपणाची धांदल

पुण्याच्या गच्च्यांवर सध्या ऋतूंच्या लयीत, निवांत जगण्याची भलतीच धांदल उडाली आहे. गांडूळखत दहा मिनिटांत घरपोच हवं. कोकोपीटची वीट भिजेपर्यंतही दम निघत नाही. धणे रगडून, दोन फाकी करून पेरायचे असतात. इथे अख्खेच पडतात, तेही ऐन वैशाखात. कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलोऱ्यावर येते, मग बीवाल्याच्या नावानं खडे. 7 जूनच्या आसपास मृग लागतो, दोडका-पडवळाचं बी तेव्हा टोचायचं; पण तेव्हा मंडळी मन शांत करायला हिमाचलात. कुंड्यांना पाणी? कामाच्या मावशी घालतात. (मावशींच्या दारात डालड्याच्या डब्यातला गवती चहा बारमाही माजलेला असतो. निवांत जगण्याचं रहस्य त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तरी पुढच्या घरची भांडी पडलेली असतात.)