शताब्दीकाका

संस्थेला नव्याण्णव वर्षं भरत आली की कुठून तरी एक माणूस उगवतो. तो अध्यक्ष नसतो, खजिनदार तर नसतोच. तो ‘नियोजन’ असतो. आमचे शताब्दीकाका ऐन तारुण्यात बनारस हिंदू विद्यापीठातून इंजिनिअर होऊन आले, पुण्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि २०१४ साली त्यांनी त्या विद्यापीठाची शंभरी कोथरूडच्या आपल्या हॉलमधून चालवायला घेतली. विद्यापीठाला याची कल्पना नव्हती.

पुण्यातले पंधरा-वीस माजी विद्यार्थी ही त्यांची फौज. मी बनारसचा नाही, पण ‘तुम्ही लिहिता ना?’ म्हणून स्मरणिकेच्या उपसमितीत ओढला गेलो. त्या उपसमितीत मी एकटाच होतो.

पहिली बैठक शंभरी नक्की कशाची यावरच संपली. ॲनी बेझंट यांचं सेंट्रल हिंदू कॉलेज, ज्याच्याभोवती विद्यापीठ उभं राहिलं, ते १८९८चं. त्याची शंभरी हातची गेली म्हणून काका खरोखर हळहळले. विद्यापीठाचा कायदा १९१५चा, पायाभरणी १९१६ची. “म्हणजे शुभारंभ २०१५ला, मुख्य सोहळा २०१६ला,” काका म्हणाले, “आणि समारोपाचं पुढं बघू.” एका मुंजीत तीन जेवणावळी उठवणारा माणूस!

मग कुणीतरी बोलून गेलं, की व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली ४ फेब्रुवारीला, पण विद्यापीठ स्थापनादिन करतं वसंत पंचमीला. झालं! तारीख की तिथी? शिवजयंतीच्या वादावर पोसलेल्या माणसांना आणखी काय हवं? दोन बैठका, चार किलो पोहे आणि एक राजीनामा एवढ्यावर ते निभावलं. राजीनामा काकांचाच होता. चहा येईपर्यंत त्यांनी तो परत घेतला.

काकांची वही बघण्यासारखी. ‘शाली १४ (पैकी बऱ्या ३)’. ‘श्रीफळे १४, परत येतील अशी ५’. निमंत्रणपत्रिकेवरच्या नावांचा क्रम त्यांनी अकरा वेळा बदलला आणि दर वेळी कोणीतरी नवीन माणूस दुखावेल याची काळजी घेतली. देणगी मागायला निघाले की ते विद्यापीठाचे संस्थापक मालवीयजी आणि निजामाच्या जोड्याची गोष्ट सांगत. निजामाने देणगीऐवजी जोडा दिला, मालवीयजींनी तो लिलावात काढला. खरं-खोटं देव जाणे. पण ती ऐकून घरमालकाची नजर दाराबाहेर काढलेल्या आमच्या चपलांकडे जाई आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर मिळे.

एक मात्र सांगायला हवं. विद्यापीठाचं कुलगीत शांतिस्वरूप भटनागरांनी लिहिलं आहे. रसायनशास्त्रज्ञाला काव्य सुचलं, तर इंजिनिअरने ते गायला काय हरकत, असं काकांचं मत. ते गायला लागले की शेजारच्यांच्या खिडक्या लागत. पण दुसऱ्या कडव्यापाशी त्यांचा आवाज दर वेळी अडकायचा, चष्मा पुसला जायचा आणि मग बराच वेळ शालींचा विषय निघत नसे.

काकांचा खरा कस लागला तो वक्त्याच्या निवडीत. मी एका तरुण प्राध्यापिकेचं नाव सुचवलं. काका म्हणाले, “विदुषी आहेत हो, पण काय बोलतील त्याचा नेम नाही. पवित्र कार्य आहे.”

मला राहवलं नाही. स्मरणिकेसाठी मी मूळ सोहळ्यावरच लेख लिहिला. ६ फेब्रुवारी १९१६. अध्यक्ष दरभंग्याचे महाराज, समोर हिऱ्यामोत्यांनी मढलेली राजेमंडळी. गांधी उभे राहिले. आपल्याच लोकांशी इंग्रजीत बोलावं लागतंय याची लाज वाटते म्हणाले, विश्वनाथाच्या गल्लीतली घाण काढली, मग थेट राजांच्या दागिन्यांवर घसरले. बेझंटबाईंनी थांबायला सांगितलं. राजे उठले, अध्यक्षही उठले, सभा संपली.

काकांनी लेख दोनदा वाचला. “एवढा भाषणाचा भाग गाळता येईल?”

“मग उरतं काय?”

“दरभंग्याचे महाराज अध्यक्ष होते, ते ठेवा.”

“अहो काका, त्याच वर्षी गागोद्याचा एक वीस वर्षांचा मुलगा परीक्षेची गाडी सोडून काशीला गेला होता. या भाषणाची हकिकत त्याने वर्तमानपत्रात वाचली, गांधींना पत्र लिहिलं आणि ७ जून १९१६ला कोचरबच्या आश्रमात त्यांना जाऊन भेटला. विनोबा! भाषण गाळलं तर विनोबा कुठून आणणार?”

काका विचारात पडले. विनोबा म्हणजे आपला माणूस, शिवाय वादही नाही. “फोटो छापा,” ते म्हणाले.

स्मरणिका वेळेवर निघाली. विनोबांचा फोटो पान ४३वर आहे, शेजारी गादीवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात. भाषण नाही. समारंभाला एक निवृत्त, निर्धोक पाहुणे आले आणि पावणेदोन तास बोलले. एकही माणूस उठून गेला नाही, कारण जेवण भाषणानंतर होतं.