बेकार पाण्याची शोभा

इंग्लंडातल्या लिव्हरपूलला हल्ली जो जातो तो फोटो घेऊन येतो, आणि सगळ्यांचे फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे दिसतात. पिअर हेडला बीटल्सचे चार पुतळे आणि त्यांच्या मधल्या फटीत दाटीवाटीने घुसलेलं एक कुटुंब. मग रॉयल लिव्हर बिल्डिंगच्या दोन मनोऱ्यांवरचे दोन पक्षी. मग अल्बर्ट डॉकचे ते जाडजूड नारिंगी-लाल खांब आणि पाण्यात पडलेलं त्यांचं तंतोतंत प्रतिबिंब. यात फोटो काढणाऱ्याला बोल लावायचं कारण नाही. प्रतिबिंब तंतोतंत पडतं, कारण पाणी हलत नाही. पाणी न हलण्याचं निम्मं श्रेय गोदीच्या दरवाजांना, आणि निम्मं त्यातून एकही मालवाहू जहाज आत येत नाही याला. माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्याला आपण 'कायापालट झालेला किनारा' म्हणतो तो नोकरी गेलेल्या पाण्याचा किनारा असतो. काम करणाऱ्या पाण्याचा फोटो काढायला कोणी तिकीट काढून जात नाही.

हे पाणी एके काळी भलतंच कामसू होतं. जेसी हार्टली या इंजिनिअरने बांधलेली ही गोदी 1846 साली राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांनी उघडली. आगीच्या धास्तीने इमारतीच्या सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही. लोखंड, वीट आणि दगड. आज ज्या खांबांना टेकून लोक पोझ देतात ते चहा, रेशीम, तंबाखू, साखर आणि कापसाच्या ओझ्यासाठी उभे केले होते. त्या कापसाशी आपलंही नातं आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईहून येणाऱ्या गाठींकडे डोळे लावून बसल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, 1865 साली ओसरला आणि कित्येक पेढ्यांचं दिवाळं वाजवून गेला. पुढे अल्बर्ट डॉकला जहाजांची वाढ नडली. शिडं गेली, वाफ आली, नवी धूडं त्या दरवाजांतून आत मावेनात. 1972 साली गोदी बंद पडली. 2018 साली तिला 'रॉयल' ही पदवी बहाल झाली. निवृत्तीनंतर 46 वर्षांनी बढती मिळाल्याचं उदाहरण आपल्या सचिवालयातही सापडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग काय बंद गोदीतला चिखलच बरा होता? बरा नव्हता. गोदी खरोखरच गाळाने भरली होती. 1981 साली लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात दंगली उसळल्या, तेव्हा अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी पंतप्रधान थॅचरबाईंना लिहिलं की, या शहराच्या ऱ्हासाचं पद्धतशीर व्यवस्थापन करणं हा पर्याय अगदीच मोडीत काढू नये. शिवाय, हे शब्द खासगीतही वापरू नयेत, असंही बजावलं! तीस वर्षांनी कागद खुले झाले तेव्हा लिव्हरपूलकरांना कळलं की आपल्या मरणाची फाइल टेबलावर फिरत होती. मायकेल हेसेल्टाइन या मंत्र्याने उलट बाजू लावून धरली, विकास महामंडळ कामाला लागलं, गाळ उपसला गेला, 1988 साली गोदामात टेट कलादालन आलं. हेसेल्टाइन यांचं बरोबरच होतं. पण डागडुजी झाली ती भिंतींची. 1931 साली साडेआठ लाखांवर असलेली लोकवस्ती 2001 साली साडेचार लाखांच्या आत आली होती. इतिहासाकडे दुर्लक्ष झालं असंही म्हणवत नाही. गुलामांच्या व्यापाराचं संग्रहालय याच गोदीत 2007 साली उघडलं. फक्त ते तिसऱ्या मजल्यावर, आणि खांबांचा फोटो तळमजल्यावर निघतो.

खरी गंमत अशी की लिव्हरपूलचं बंदर मेलेलंच नाही. ते उत्तरेला काही मैलांवर सीफोर्थला आहे, 2016 साली तिथे मोठ्या जहाजांसाठी नवा कंटेनर धक्काही सुरू झाला. अजस्र लाल क्रेन, डब्यांच्या थप्प्या, भोवती कुंपण. तिथे पुतळा नाही, कॉफी नाही. माणसंही फारशी नाहीत. जे काम पूर्वी गोदी कामगारांच्या टोळ्या करत ते आता क्रेनच्या केबिनमधला एक जण उरकतो. हॉटेलं-कलादालनांनी रोजगार दिले हे कबूल, पण ते दुसऱ्याच माणसांना दिले.

फोटोची सत्ता किती, ते युनेस्कोने दाखवून दिलं. 2004 साली लिव्हरपूलच्या जुन्या किनाऱ्याला जागतिक वारसा ठरवलं, आणि 2021 साली यादीतून नाव खोडलं. नाव खोडलं गेलेली ही जगातली तिसरीच जागा. आधीच्या दोन ओमानमध्ये आणि ड्रेस्डेनला. कारण काय, तर नव्या इमारतींचा प्रकल्प आणि ब्रॅम्ली-मूर गोदी बुजवून होणारं एव्हर्टन फुटबॉल क्लबचं स्टेडियम. आक्षेप रास्त होता. पण गोदी बेकार झाली तेव्हा कोणत्याही समितीने कोणत्याही यादीतून काही काढलं नव्हतं. स्टेडियम 2025 साली सुरू झालं, आणि आता त्याचेही फोटो निघतात.

हे परक्यांचं कौतुक किंवा निंदा म्हणून वाचू नका. मुंबईच्या ससून डॉकमध्ये 2017 साली भिंती रंगवून कलाप्रदर्शन भरलं, तेव्हा कोळणींच्या भिंतीवरच्या चेहऱ्यांसमोर सेल्फीला झुंबड होती आणि खऱ्या कोळणी पलीकडे कोळंबी सोलत बसल्या होत्या. बंदराच्या मालकीच्या पूर्व किनाऱ्याचे सुबक आराखडेही वर्षानुवर्षं छापून येत आहेत. त्या चित्रांत झाडं असतात, सायकली असतात, फुगे घेतलेली पोरं असतात. भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या ओढणारा माणूस मात्र कुठल्याच चित्रात नसतो. म्हणून पुढचा आराखडा समोर येईल तेव्हा आधी त्याला शोधा, आणि सापडला नाही तर हरकत लेखी नोंदवा. लिव्हरपूलला जाणारच असाल तर अल्बर्ट डॉक जरूर बघा, मग नॉर्दर्न लाइनची लोकल पकडून वॉटरलूला उतरा. किनाऱ्यावरून सीफोर्थच्या लाल क्रेन स्पष्ट दिसतात, आणि तिथे फोटोसाठी रांग नसते.